लग्नातला तारा

जगदेवीचा पहिला नवरा तिला सोडून पुण्याला गेला आणि तिकडंच रमला. तिनं रडून घेतलं, रीतसर काडीमोड घेतला, मग सोलापुरात अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवायचं युनिट टाकलं. ते चांगलं चाललं. सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं दुधनीच्या सिद्धारामशी लग्न करायचं ठरवलं. सिद्धाराम विधुर, तुरीचा व्यापारी. स्वभावानं इतका मऊ, की तराजूच्या काट्यावर बसलेली माशीसुद्धा विनंती करून उठवायचा.

अडून बसला तो त्याचा थोरला भाऊ ईश्वरप्पा. पत्रिका बघितल्याशिवाय पुढं बोलायचं नाही म्हणाला. म्हणून सगळे सोलापुरात महेश्वरशास्त्र्यांकडं गेले. मंगळ नव्हता, गुणही जुळत होते. उठणार तेवढ्यात शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला. त्यांनी नुकताच मोबाईलवर स्थिर ताऱ्यांचा कोर्स केला होता आणि नवी विद्या कुणावर तरी काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

ते म्हणाले, ग्रह ठीक आहेत. पण जन्मवेळी पूर्वेला जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात, आणि जगदेवीच्या लग्नात नेमका अल्गोल नावाचा तारा आहे. राक्षसिणीचं तोडलेलं मुंडकं. अशी बाई ज्याच्या घरात जाते, त्याचं डोकं जातं.

ईश्वरप्पानं यावर शांत कोणती करायची, ते विचारलं. ग्रहाची शांत असते, ताऱ्याची नसते, असं शास्त्रीबुवा म्हणाले. तारा हलत नाही, ऐकत नाही. मग जरा थांबून, करायचीच म्हटलं तर एक आहे, असंही म्हणाले.

"माझ्या पहिल्या नवऱ्याचं डोकं अजून धडावर हाय की," जगदेवी म्हणाली. "तेच तर दुखणं हाय."

शास्त्रीबुवांना हे अवघड गेलं. जन्मवेळ चुकीची असेल, असं ते म्हणाले. काही मिनिटांचा फरक पडला तरी तारा निसटतो. म्हणून सगळी वरात जगदेवीच्या आईकडं, सोजरबाईकडं गेली. म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"भोंगा झाला आन ही झाली," ती म्हणाली.

मिलचा कुठला भोंगा, सकाळचा की जेवणाच्या सुट्टीचा, असं शास्त्रीबुवांनी विचारलं.

"मला त्या वक्ताला भोंगं मोजायची सवड व्हती व्हय?"

शास्त्रीबुवांनी तिथंच मोबाईल काढला. सकाळचा धरला तर अल्गोल. दुपारचा धरला तर मघा, राजतारा. अशी बाई राज्य करते, तिच्यापुढं सगळे माना खाली घालतात. त्यांना वाटलं, आता ईश्वरप्पा खूश होईल. पण त्याचा चेहरा आणखीच उतरला. डोकं गेलेलं एक वेळ परवडलं, हे त्याला कसं परवडणार? सिद्धारामचं दुकान, शेत, अगदी सदऱ्याचा रंगसुद्धा आजवर तोच ठरवत आला होता. हा योग नको, म्हणून त्यानं चपला शोधायला सुरुवात केली.

जगदेवीनं सिद्धारामकडं पाहिलं. तो सवयीनं भावामागं उठेल, अशी तिची जवळजवळ खात्री झाली होती. सिद्धाराम शेंगांच्या टरफलांकडं बघत होता.

"साकु, अण्णा," तो कानडीत म्हणाला. पुरे आता. "माझं डोकं आजवर तुझ्याकडंच होतं. गेलं तर तुझं जाईल."

सोजरबाईनं मूठभर शेंगदाणे उचलून जावयाच्या हातावर ठेवले.

लग्न रजिस्टर झालं. ईश्वरप्पा आला, साक्षीदाराची सही केली, पोटभर जेवला, आणि फोटोच्या वेळी डोकं सांभाळत शास्त्रीबुवांच्या मागं जाऊन उभा राहिला. जगदेवी आठवडाभर सोलापुरात युनिट बघते, शनिवारी दुधनीला जाते. परवा सिद्धाराम तुरीच्या भावावरून थोरल्याशी पहिल्यांदा भांडला आणि साफ हरला. फोनवर तिला ते सांगताना मात्र तो इतका खुशीत होता, की ती हातातली कात्री बाजूला ठेवून ऐकत बसली.