वळणावरचा गाळ आणि पुसलेली ओळ

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, शाळेतल्या फळ्यासारखा मला समजू नका. तिथे म्हणे सगळं खरं लिहितात. मी नदीच्या धक्क्यावर, गळ आणि आमिष विकणाऱ्या टपरीच्या बाहेर टांगलेला असतो. नदी समुद्राजवळची आहे. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत शिरतं आणि दोनदा ओहोटीला निघून जातं.

एका सुतारकाकांनी मोडक्या कपाटाच्या दारापासून मला बनवलं. रंधा मारला, काळ्या रंगाचे दोन हात दिले. थंडी सरून पाणी कोमट होऊ लागलं, की मासे भरतीबरोबर वर चढतात. तेव्हा माझे दिवस येतात. भरती किती वाजता, पाणी गढूळ की निवळ, मासा कुठे लागतोय, हे माझ्यावर लिहितात. 'हा फळा आहे म्हणून बरं आहे बाबा,' असं लोक कौतुकानं म्हणायचे. वसंत संपला की मात्र कुत्रंसुद्धा विचारत नाही मला.

आता खरी गोष्ट सांगतो. भरती-ओहोटीच्या वेळा तेवढ्या खऱ्या असायच्या, बाकी सगळ्या थापा. ज्याला पुलाखाली मासा लागायचा, तो 'पुलाखाली काही नाही' असं लिहून मोकळा व्हायचा. त्यामुळे वाचणारा आधी अक्षर कोणाचं ते बघायचा आणि मग डोळे बारीक करायचा. मीही तसाच झालो. अंगाला खडू लागला रे लागला, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायची.

या थापाड्यांचे उस्ताद म्हणजे हातभर आजोबा. धरलेला प्रत्येक मासा हातभर होता असं सांगायचे, म्हणून हे नाव पडलं. टपरी त्यांच्या मुलीची. जावई होड्या दुरुस्त करायचा आणि सवडीनं गळ टाकायचा. आजोबांचा जावयावर काडीचाही विश्वास नव्हता.

गेल्या वसंतात एका संध्याकाळी मुलीनं माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मोठ्या वळणावर नवा गाळ साचला आहे. ओहोटीत जाऊ नका. माणूस रुतेल.' मला लगेच संशय आला. परवाच तिचा नवरा त्या बाजूनं भरलेली टोपली घेऊन आला होता. म्हटलं, नवऱ्याची जागा राखतेय बाई.

दुसऱ्या दिवशी पहाटेच, टपरी उघडायच्या बऱ्याच आधी आजोबा आले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि गालातल्या गालात हसले.

"गाळ म्हणे. मला बनवायला निघाली."

मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं ते सगळं पुसून टाकलं. आणखी कोणी हे वाचून असाच उलटा अर्थ काढून तिकडे आलं तर मासे वाटून घ्यावे लागतील ना. ओहोटी चालू होती, तरी त्यांनी होडी सोडली. खोटं कशाला बोलू, मलाही त्यांचंच बरोबर वाटलं.

मुलगी आठ वाजता आली. माझ्यावरचा पुसलेला पट्टा तिला दिसला. तिनं धक्क्याकडे बघितलं, तर वडिलांची होडी नव्हती. ती शेजारी होडी रंगवायला बसलेल्या नवऱ्याकडे धावली.

"अहो, बाबा वळणावर गेलेत."

"कशावरून?" जावयानं हातातला ब्रश खाली ठेवला.

"ओळ पुसलीय. जिथे जायचं असतं, तेच पुसतात ते."

भरती आत येऊ लागली होती. गाळावर पाय ठेवायला काहीतरी रुंद हवं होतं, म्हणून जावयानं मला खिळ्यांवरून उपटलं आणि इंजिनाच्या होडीत टाकलं. मुलगीही होडीत चढली.

वळणावर आजोबांची होडी गाळात कलंडली होती. ती ढकलायला ते खाली उतरले आणि कमरेपर्यंत रुतले होते. भरतीचं पाणी छातीला लागलं होतं. जावयानं मला त्यांच्यासमोर गाळावर आडवं सारलं. आजोबांनी दोन्ही हात माझ्यावर टाकले. त्यांचं काळीज इतकं धडधडत होतं, की ते मला लाकडात ऐकू येत होतं. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. दोघांनी त्यांच्या काखेतून दोर घातला आणि ओढत ओढत त्यांना होडीत घेतलं.

परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, माझं अक्षर ओळखलं नाहीत?"

"ओळखलं."

"मग?"

आजोबा काखेतला दोर सोडवू लागले. "चांगली जागा लपवायची असली, की तिथे धोका आहे असं लिहायचं. सात वर्षांची होतीस, तेव्हा मीच शिकवलं होतं तुला."

ती त्यांच्या पायांवरचा गाळ धूत राहिली.

मला पुन्हा टांगलं, पण खाऱ्या पाण्यानं मी वाकलो आहे आणि खडू नीट उमटत नाही. मित्रांनो, मला रंगाचा एक हात द्या, छपराखाली टांगा. तेही जमलं नाही तर राहू द्या. पण माझ्यावर खोटं लिहू नका, चेष्टेतसुद्धा नाही.

आजोबा आता रोज टपरी उघडेपर्यंत थांबतात. माझ्यावरचं वाचतात आणि मुलीला विचारतात, "हे खरं ना गं?" ती म्हणते, "हो, बाबा." तरीही ते क्षणभर तिच्या तोंडाकडे निरखून बघतात. त्यांना विश्वास ठेवायचा असतो हो, पण जमत नाही. आणि त्यांचं बघणं संपेपर्यंत ती बिचारी तशीच त्यांच्यासमोर उभी राहते.