सातवी पास

बाळासोंची क्रांती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि वर्गात पहिली. शिवाजी पेठेत टेलरकाम करणाऱ्या बापाला याचं कौतुक केवढं, तर टेप गिऱ्हाइकाच्या गळ्यात तशीच ठेवून ते पोरीचे मार्क सांगत बसायचे. पण शहाण्णव साली "पोरगी लई शिकल्याली हाय" म्हणून लागोपाठ दोन स्थळं मोडली आणि या कौतुकानं शेपूट घातलं. तिसरं स्थळ कोडोलीचं, मुलगा दहावी नापास होता. बाळासोंनी मध्यस्थ गणपतरावांना बेधडक सांगून टाकलं, पोरगी सातवी पास. क्रांतीनं एवढंच विचारलं, की शेवटच्या वर्षाची परीक्षा तरी द्यायला मिळेल का? आधी लग्न जमू दे, ते म्हणाले.

पावणे आले. पोहे झाले, चहा झाला. क्रांती पाटावर बसली. नाव-गाव विचारून झाल्यावर मुलाच्या चुलत्यानं रीतीप्रमाणं पेपर पुढं केला आणि चार ओळी वाचायला सांगितल्या. बाळासोंना वाटलं, आता पोरगी घडाघडा वाचणार आणि आपलं पितळ उघडं पडणार.

क्रांतीनं ओळीवर बोट ठेवलं. अक्षराला अक्षर जोडत, 'जिल्हाधिकारी'ला दोनदा अडखळत तिनं कशीबशी एक ओळ वाचली. बापाच्या खोटेपणापायी कॉलेजच्या पोरीनं स्वतःला अडाणी करून घेतलं होतं. बाळासोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी चुलता हसला तेव्हा तेही हसले.

मुलाची आई अंबूबाई मात्र हसली नाही. साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती पन्नाशीत लिहायला शिकली होती. ती सरकून क्रांतीशेजारी बसली.

"मला वाटलं हुतं, शिकल्याली सून मिळंल. मला बी पुढचं शिकवंल, म्हटलं तिला बी आणखी पुढं शिकू दीन. असू दे बाई. लाजू नको. मी शिकवतो की तुला."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बाळासोंनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर चारचौघांत लबाड ठरणार होते. मग ते पावण्यांना पान घ्या म्हणाले.

अंबूबाईनं क्रांतीचं बोट धरून पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवलं. क्रांतीनं बापाकडं बघितलं. त्यांना मान वर करवेना.

"व्हय आत्या, शिकवा," ती म्हणाली आणि पुन्हा अडखळत वाचू लागली.