उजवी बाजू वर

विनीता काही काळ्या मनाची बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण त्या शनिवारी दुपारी तिने जे केलं ते केलंच.

तिचा नवरा प्रबोध खाली कॉन्डोच्या, म्हणजे परदेशातल्या त्यांच्या सोसायटीच्या, पूलवर पोहायला गेला होता. तेवढ्यात पुण्याहून चुलतजाऊ सुलेखाचा फोन आला. काकू गेल्या. प्रबोधची आई तो लहान असतानाच वारली होती. त्याला वाढवलं ते या काकूंनीच. "भावजी निघत असतील तर सकाळपर्यंत थांबतो गं," सुलेखा रडत म्हणाली.

विनीतासमोर पलंगावर लेकीचा, गार्गीचा निळा युकाता पसरलेला होता, तो सुती जपानी झगा. प्रबोधच्या ऑफिसातली जपानी मंडळी दरवर्षी त्यांच्या उन्हाळी जत्रेला बोलवायची. शेवटी आतषबाजी, त्याआधी मुलांचा नाच. यंदा नाचात गार्गीला घेतलं होतं आणि पोरीने नाचून नाचून घर डोक्यावर घेतलं होतं. आता सुतक म्हटल्यावर कसला नाच अन् कसलं काय.

"त्याला नाही हो जमणार, ताई. तुम्ही थांबू नका. आणि फोनही करू नका त्याला, मी सांगते," विनीता बोलून गेली. नंतर सांगू, रात्री सांगू. फोन ठेवून ती युकाता झटकून पुन्हा नीट पसरायला लागली; परत फोन काही तिने लावला नाही.

जत्रेत भाजलेल्या कणसांचा वास सुटला होता. प्रबोधच्या साहेबांची म्हातारी आई, सातो आजी, गार्गीकडे बघून लगबगीने पुढे आली. तिने गार्गीचा कंबरपट्टा सोडला आणि युकाता उलगडून पुन्हा नेसवला, या वेळी डावी बाजू वर. विनीताने आपल्या सवयीने, पदर घेतात तशी, उजवी बाजू वर घेऊन डावीकडे नेली होती.

"उजवी बाजू वर फक्त प्रेताला नेसवतात," साहेबांच्या बायकोने हसत इंग्रजीत समजावलं. "होतं असं, काळजी करू नका."

विनीताच्या मनात आलं, आपण आपल्याच हाताने लेकीला प्रेतासारखं नेसवलं, आणि तेही आज. गार्गी छान नाचली म्हणे. विनीताला त्यातलं काही दिसलं नाही.

मग दिवे मालवले आणि पहिला बाण आभाळात फुटला. काकूंना पाठवायला व्हिडिओ काढत प्रबोधने फोन वर धरला. "काकू, बघतेयस ना? तू मला साध्या भुईनळ्याजवळ फिरकू द्यायची नाहीस. आता हे बघ."

आता मात्र विनीताला राहवेना. "प्रबोध, काकू वारल्या. दुपारीच फोन आला होता."

तो वळला नाही. आभाळाकडे बघतच म्हणाला, "थांबलेत माझ्यासाठी?"

"नाही. मीच सांगितलं थांबू नका म्हणून. गार्गीचा नाच होता ना." आपले शब्द ऐकून तिची तिलाच किळस आली.

फोन अजून वरच होता आणि त्यावरचा लाल ठिपका चालूच होता. आतषबाजी संपली तशी गार्गी धावत आली आणि इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली, "बाबा, शो मी द व्हिडिओ लाह."

"नंतर," प्रबोध म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

तो व्हिडिओ त्याने कधी डिलीट केला नाही. गार्गीला दाखवलाही नाही.