आत्याचा राहिलेला दगड

एक खोलगट पातेलं समोर आहे असं समजा. खरं आणायला उठू नका, आई ओरडेल. मनातल्या मनातच आणा. आता त्यात वरून एक गोटी सोडा. टण्ण! गोटी तळाला आपटली, उडाली आणि गेली कुठेतरी कपाटाखाली. बरं, दुसरी गोटी घ्या. ही मात्र काठावर ठेवा आणि बोटाने आडवी, हलकेच ढकला. बघा कशी फिरतेय! काठाकाठाने गोल, मग जराशी खाली, पुन्हा गोल, आणखी खाली, आणि शेवटी तळाशी येऊन अशी बसते की बसल्याचं कळतही नाही. पातेलं तेच, गोट्याही सारख्याच. फरक होता तो सोडणाऱ्या बोटाचा. एवढं ध्यानात असू द्या, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

ही गोष्ट ज्या मुलीची, तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. नाव आत्याने पाडलेलं, कारण ही पोर घटकाभर एका जागी बसली तर हिला बरं नाही की काय अशी शंका यायची. आत्या म्हणजे तिच्या बाबांची धाकटी बहीण. ती त्यांच्याच घरी राहायची आणि पंख्यांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. जुनी काळी पडलेली तार काढून टाकायची आणि तांब्याची नवी कोरी तार वेढ्यावर वेढा देत गुंडाळायची. तार ना सैल पडायची, ना तुटायची. भिंगरी शेजारच्या स्टुलावर चढून विचारायची, "आत्या, झालं का?" आणि आत्या वेढे न थांबवता म्हणायची, "घाई कुणाला आहे? तुला की पंख्याला?"

पुढे आत्याला दुखणं लागलं आणि टेबलाच्या जागी तिची खाट आली. तार ओढायला लागते तेवढी ताकदही बोटांत उरली नाही. दवाखान्यात नंबर येईपर्यंत ताटकळत बसावं लागे, तेव्हा तिला फोनवर एक लहानसा खेळ सापडला, आणि तो ती घरी घेऊन आली.

खेळ अगदी साधा. काळ्याभोर आकाशात मधोमध एक ग्रह, सुरुवातीला मोहरीएवढा. कडेने एक दगड येऊन थांबतो. तो बोटाने ढकलायचा. फार जोरात ढकलला तर दगड भुर्रकन निघून जातो, परत म्हणून येत नाही. सरळ ग्रहावर मारला तर आदळतो, आणि ग्रहाचेच कपचे उडतात. पण बाजूने, बेताने सोडला, तर ग्रह त्याला आपल्याकडे ओढत राहतो, दगड घिरट्या घालत खाली येतो आणि ग्रहात मिसळतो. ग्रह तेवढा मोठा होतो. मोठा झाला की त्याची ओढही वाढते. आळीपाळीने खेळायचं. आत्याचा डाव असला की वर लाल ठिपका पेटायचा, भिंगरीचा असला की पिवळा. ज्याचा डाव, त्याने खेळल्याशिवाय ठिपका काही बदलायचा नाही.

पहिले कितीतरी दगड भिंगरीने वाया घालवले.

"अगं, पळवतेस कशाला त्याला? कुत्रं मागे लागलंय का?" आत्या हसायची. "बाजूला बोट धर. हं. आता सोड, आणि त्याला वळसा घेऊ दे. यायचा तेव्हा येईल."

भिंगरीला जमू लागलं. ग्रह सुपारीएवढा झाला, मग लिंबाएवढा. तपकिरी होता तो निळसर झाला आणि एका अंगाला हिरवी लव दिसू लागली. एकदा आत्याने एक दगड असा काही सोडला की तो ना पडला, ना पळाला, फिरतच राहिला.

"हा चांद," आत्या म्हणाली. "हाही पडतोच आहे बरं का. पण पडता पडता बाजूलाही पळतोय, म्हणून दर वेळी चुकतो."

"कायमचा?"

"ग्रह आहे तसा राहिला तर."

बाबा कामावरून आले की खाटेशी घुटमळायचे. ते गिलावा करायचे. नव्या भिंतींवर सिमेंटचा माल थापीने मारून सपाट करायचा, हे त्यांचं काम. "एक दगड मला टाकू दे की," ते म्हणायचे.

"दादा, लांब हो! तुझा हात गिलाव्याचा. ग्रहाचं पार प्लास्टर होईल."

"माझ्याच घरात मला बंदी?"

"तुला अख्ख्या गावाच्या भिंती दिल्यात ना? तिथे मार काय मारायचं ते."

बाबा तोंड फुगवून आत जायचे आणि भिंगरी हसून हसून खाटेवर लोळायची. आत्याही हसायची. मग तिला खोकल्याची उबळ यायची आणि हसणं तिथेच थांबायचं.

एका दुपारी भिंगरीने आपला दगड सोडला. तो छान वळसे घेत जाऊन बसला. लाल ठिपका पेटला, कडेला नवा दगड येऊन थांबला.

"आत्या, तुझा डाव."

"राहू दे जरा. थकले गं. उठले की टाकते," आत्या म्हणाली आणि कुशीवर वळली.

ती उठली नाही.

नंतर घरात माणसं आली, बसली, हळू आवाजात बोलली आणि गेली. खाट काढली. टेबल मात्र कुणी परत खिडकीशी लावलं नाही, त्यामुळे ती जागा नुसतीच रिकामी राहिली. भिंगरी तिथे फरशीवर बसू लागली. शाळेतून आली की आत्याचा फोन चार्जरला लावायची, खेळ उघडायची आणि बघत राहायची. चांद फिरत असायचा. दगड कडेला थांबलेला असायचा. वर लाल ठिपका.

"तिच्या वतीनं तूच टाक एखादा," आई एकदा म्हणाली.

"डाव तिचा आहे," भिंगरी म्हणाली.

"अगं, पण बाळा, ती आता..."

"डाव तिचा आहे!"

भिंगरीला कुणी काही सांगायला नको होतं. तिला सगळं ठाऊक होतं. पण जोवर लाल ठिपका आहे, तोवर आत्याचं काहीतरी करायचं बाकी आहे. आणि ज्याचं बाकी आहे, ते माणूस पुरतं गेलेलं नसतं. असं तिने मनाशी धरलं होतं, आणि ते ती कुणालाही सांगणार नव्हती. ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. मैत्रिणी खालून हाका मारून कंटाळल्या. भिंगरी फिरायची थांबली.

बाबा दारातून हे बघायचे आणि हात धुवायला जायचे.

मग एका सकाळी, बाबा कामावर गेल्यावर, भिंगरीने फोन उघडला. वर पिवळा ठिपका होता.

"आत्या!" ती ओरडली. तोंडून निघून गेलं, विचार करायच्या आतच. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं, आत्या उठली आणि म्हटल्याप्रमाणे तिने टाकला.

मग तिने ग्रहाकडे पाहिलं. हिरव्या लवेच्या जागी खड्डा पडला होता, काळा, खोल, कडा फाटलेला. कपचे उडून अंधारात दूर चालले होते.

ती फोन घेऊन तशीच निघाली. मागून आई हाका मारत राहिली. पुढच्याच वळणावर नवी इमारत उभी राहत होती, तिथे बाबांचं काम चालू होतं. तळमजल्यावरच्या खोलीत ते पाठमोरे उभे होते. घमेल्यातून थापीभर माल घेतला आणि भिंतीवर मारला. थप्प! सरळ, जोरात, आहे तिथे चिकटेल असा. पुन्हा घेतला. थप्प!

"बाबा, तू टाकलास."

ते वळले. "काय टाकलं? मी तर सकाळपासून इथेच..."

"आत्याचा दगड. तू टाकलास. ती असा टाकते का कधी?"

थापी हातातच राहिली. बाबांनी भिंतीकडे पाहिलं, खाली पाहिलं, मग म्हणाले, "नाही टाकत."

"मग?"

"मला वाटलं, तुला वाटेल तिनंच टाकला. मग तू पुढचा टाकशील, जेवशील, खेळायला जाशील." त्यांनी थापी घमेल्यात टेकवली. "मी हळूच लावलं होतं गं बोट. पण आमचा माल हळू सोडला तर खाली पडतो. आयुष्यभर मारायचीच सवय. दुसरं काही येतच नाही मला."

"तिचा एकच राहिला होता," भिंगरी म्हणाली. "एकच होता, बाबा. आता तिचं काहीच बाकी नाही. आता ती गेली."

हे ती पहिल्यांदाच म्हणाली.

बाबा शेजारच्या एका उपड्या घमेल्यावर बसले. बोटं सिमेंटने माखलेली, म्हणून डोळे मनगटाने पुसले. तरी गालावर एक पांढरट पट्टा उठलाच.

"तुझ्यासाठी म्हणून फोन उचलला, हे खरं," ते म्हणाले. "पण तेवढंच नाही. तो लाल ठिपका बघवत नव्हता मला. वाटायचं, ती हाक मारतेय आणि कुणी ओ देत नाहीये. लहान होती तेव्हापासून तिनं हाक मारली की मीच ओ द्यायचो."

भिंगरीला वाटलं होतं, आपण खूप भांडणार. पण भांडायचं कुणाशी? समोर बसलेला माणूस तिचा बाबा होताच, पण आत्याचा दादाही होता. हे इतके दिवस तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती त्यांच्या शेजारी खाली बसली. दोघांच्या मध्ये फोन होता.

"चांद बाहेर चाललाय," ती एकदम म्हणाली.

"कुठे?"

"हे बघ ना. आधी इथून फिरायचा. आता वळसा मोठा झालाय. ग्रह हलका झाला, त्याची ओढ कमी पडतेय. असाच लांब लांब जाईल आणि मग जाईलच."

"मग बंद कर, बंद कर तो खेळ! बंद असला की हलत नाही ना?"

"नाही हलत."

"मग झालं तर."

"पण मग दिसणारही नाही."

भिंगरीने पडद्याकडे पाहिलं. तो खड्डा काही भरून येणार नव्हता. वर कितीही दगड बसले तरी ती लव पुन्हा तशी उगवेल असं कुणी सांगितलेलं नव्हतं. चांद काठाकडे गेला, रेंगाळला, अजून एकदा वळला.

तिने कडेच्या दगडावर बोट ठेवलं. मग बाजूला धरून सोडलं. दगड निघाला. एक वळसा, दुसरा, त्याहून आतला तिसरा. बाबा श्वास धरून बघत होते. दगड खड्ड्याच्या कडेला येऊन अलगद बसला. वर लाल ठिपका पेटला आणि नवा दगड येऊन थांबला.

भिंगरी उठली. कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं, तिथे तिने बाबांना हात धरून नेलं. त्यांचं पहिलं बोट पाण्यात बुडवून तिने चोळचोळून सिमेंट काढलं, अगदी नखातलंसुद्धा, आणि आपल्या फ्रॉकला पुसलं. मग ते बोट उचलून दगडावर ठेवलं. बोट ग्रहावर रोखलेलं होतं. तिने ते हळूच बाजूला वळवलं.