खोलीतली खोली

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, पण एकाक्ष नाही. तुमच्यासारखेच मला शेजारी शेजारी दोन डोळे आहेत. ते जवळ आणले की चित्र सपाट दिसते; दूर सरकवले की चित्राची खोली वाढते. खास चष्मा लावून बसलेल्या प्रेक्षकाला वाटते, आता पडद्यात पाऊल टाकावे.

माझी उमेदीची वर्षे मात्र प्रेक्षकांच्या अंगावर दगड, भाले आणि साप सोडण्यात गेली. लोक किंचाळत, निर्माते खूश होत. मला त्याचा वीट आला होता.

मग दिग्दर्शिकाबाई आल्या. त्यांच्या चित्रपटात अबोला धरलेले बाप आणि त्याची लेक होते आणि एक जेवणाचे टेबल. दर प्रसंगाला बाई माझे डोळे जरासे दूर करत. टेबल तेच, माणसे तीच. पण पडद्यावर बाप लेकीपासून लांब लांब जाऊ लागला.

निर्माते भडकले. "लोक चष्मे लावून टेबल बघायला येणार का? अहो, एखादं ताट तरी भिरकावा अंगावर."

"नाही," बाई म्हणाल्या. "या दोघांमधलं अंतर हीच माझी गोष्ट आहे."

"मग हा चित्रपट मीच पुरा करतो," निर्माते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सेटबाहेर बसवले आणि स्वतःच हुकूम सोडला, "फेका ताट."

बापाचे काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाने ताट उचलले, माझ्याकडे रोखून पाहिले आणि ते अलगद लेकीपुढे ठेवले.

"हा बाप ताट फेकणारा नाही," तो म्हणाला. "बाईंना बोलवा, नाहीतर मीही निघालो."

लेकीचे काम करणारी मुलगीही उठून उभी राहिली. निर्मात्यांनी मुकाट्याने बाईंना आत बोलावले.

शेवटच्या प्रसंगात बाईंनी माझे डोळे हळूहळू जवळ आणले. टेबल आखडत गेले. बाप म्हणाला, "वाढू का अजून?" तेव्हा तो लेकीच्या हाताच्या अंतरावर होता.

चित्रपटगृहात म्हणे कोणी किंचाळले नाही. काही जण कुरकुरत उठून गेले. जे थांबले, ते दिवे लागल्यावरही चष्मे लावून बसून राहिले.

चित्रपट फार चालला नाही. 'टेबलवाला' म्हणून मला कामावरून काढले आणि मी बाईंच्या घरच्या माळ्यावर आलो. परवा एक जण माझा एक डोळा काढून मला साधा कॅमेरा करायला आला होता. बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवले. मला शरम कसलीच नाही.

मित्रांनो, माझ्या काचा पुसा, त्यांवर बुरशी चढू देऊ नका. आणि माझे डोळे किती दूर ठेवायचे, हे गोष्टीला विचारा. नुसते दचकवायचेच असेल, तर राहू द्या. मी माळ्यावर बरा आहे.