पिवळी रेघ

थोरल्याचा पाना जावयांच्या अंगठ्यावर बसला तेव्हा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होतो. हातात पुस्तक, पुस्तकात बोट. हाड मोडताना आवाज होतो असं कुठंतरी वाचलं होतं. तो इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं.

"सील तोडेल तो हरला," जावई दात आवळून म्हणाले. "ठरलं होतं आपलं."

"मागून खरखर येतेय. उतारावर मेलास तर जिंकून काय करशील?"

"मागच्यात माझं तेल आहे ना, म्हणून तुला खरखर ऐकू येते."

जावई आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघांचं मिळून हे गॅरेज. लेकीच्या आग्रहाखातर मी वरच्या खोलीत राहतो. दोघांनी खडकाळ रानात पळवायला एक चारचाकी बांधली आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसाच्या मधोमध लोखंडाचा एकेक गोळा असतो, डिफरन्शियल. आत दातेरी चाकं जाड तेलात बुडून फिरतात. ते तेल कुठलं भरायचं, यावरून या घरात ताटं आपटली गेली आहेत. थोरला साध्या तेलाचा. स्वस्त घ्या, पाण्यातून गाडी गेली की ओतून टाका, नवं भरा. जावई सिंथेटिकचे. महाग घ्या, कितीही तापलं तरी पातळ होत नाही, वर्षभर बघायला नको.

शेवटी पैज लागली. पुढं साधं, मागं सिंथेटिक. दोन्ही गोळ्यांच्या बुचांवर सील म्हणून पिवळ्या रंगाची रेघ ओढली, कुणी लबाडीनं बदलू नये म्हणून. खाणीच्या उतारावरची शर्यत झाल्यावर दोन्ही उघडायची. ज्याचं तेल खराब निघेल त्यानं गॅरेजची किल्ली दुसऱ्याला द्यायची. त्याच रेघेपायी काल नदीतून गाडी काढल्यावरही कुणी बुचाला हात लावला नव्हता. शर्यत आज दुपारी होती आणि गाडी जावई चालवणार होते.

त्यांनी मोडका अंगठा काखेत दाबला आणि कपाळ थेट थोरल्याच्या नाकावर हाणलं. थोरला गरकन फिरून टेबलावर पालथा पडला. खिळ्यांचा डबा उलटला. तो उठला तेव्हा त्याच्या गालात एक खिळा रुतलेला होता. त्यानं तो उपटला, बघितला आणि जावयांना गळ्याला धरून गाडीच्या दारावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. दाराला पोचा आला.

"नळी," मी म्हणालो.

कुणी ऐकलं नाही. सकाळीही नव्हतं ऐकलं. गोळा तापला की आतली हवा बाहेर जायला एक रबरी नळी असते. दोन्ही गोळ्यांच्या नळ्या एकत्र करून बॉनेटखाली उंच बांधतात, पाणी शिरू नये म्हणून. ते टोक सुटून चाकाजवळ लोंबत होतं. तापलेला गोळा गार पाण्यात बुडाला की आत ओढ लागते आणि नळीतून पाणी शिरतं, असं पुस्तकात होतं. पण पुस्तकातली नळी आणि ही नळी एकच का, याची मला खात्री नव्हती. तरी सकाळी विचारलं होतं. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही वर जाऊन वाचत बसा."

जावयांनी आता थोरल्याच्या डोळ्यात अंगठा घातला, धडधाकट हाताचा. थोरला गुरासारखा हंबरला.

मी पुस्तक पायरीवर ठेवलं, पडलेला पाना उचलला आणि गाडीखाली सरपटत गेलो. मागच्या गोळ्याखालचं बूच सापडलं. उताणं पडलं की डावं-उजवं उलटं होतं, त्यामुळे आधी भलतीकडेच जोर लावला. मग दुसरीकडे. पिवळी रेघ तडकली.

"म्हातारा सील तोडतोय!"

जावयांनी माझे पाय धरून मला बाहेर खेचलं. डोकं आसावर आदळलं. मग बुटाची लाथ बरगडीत बसली, आणखी एक त्याच जागी. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. तिसरी लाथ आली नाही.

गाडीखालून तेल येत होतं. तेल कसलं, गढूळ, दुधाळ पाणी. ते जावयांच्या बुटापर्यंत आलं. थोरला एका डोळ्यानं बघत गुडघ्यांवर बसला. त्यानं चिमूटभर बोटांत चोळलं आणि त्यातून एक तुकडा उचलून जावयांच्या तळहातावर ठेवला. आतल्या दातेरी चाकाचा मोडका दात.

"उतारावर मागची चाकं जाम झाली असती," तो म्हणाला. नाकातलं रक्त त्याच्या शब्दांत येत होतं. "पुढं काय ते तू सांग."

जावई तिथंच वाकून ओकले.

लेक खाली आली. तिनं मला बघितलं, मग नवऱ्याचा बूट बघितला, आणि थोरल्या दिरासमोर नवऱ्याच्या थोबाडीत मारली. आमच्या घरात तिनं कधी मुंगी मारली नव्हती.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं तर ओरडायचं ना."

"सांगितलं होतं त्यांनी," जावई म्हणाले. "मीच..."

तिनं त्यांच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि त्या दुधाळ तेलात टाकली.

"पुढचं कोण उघडतंय?"

एकाचा अंगठा लोंबत होता, दुसऱ्याचा डोळा बंद झाला होता. मग तिनं पाना माझ्या हातात दिला. पुन्हा आडवा झालो. श्वास अर्धाच येत होता. या खेपेला पाना कुणीकडे फिरवायचा ते माहीत होतं.

"माझं कसंय?" थोरल्यानं वरून विचारलं. अजूनही त्याला तेच हवं होतं. "बाबा, साधं कसं निघालं?"

सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेच आधी तोंडात शिरलं. चवीला नदी.