भिवपुरीची वीणा कडावात गायली

मित्रांनो, काचेच्या कपाटात बसवलेली चकचकीत वीणा तुम्ही कुठंतरी पाहिली असेल. मी तशी नाही. हातांनी गुळगुळीत झालेली, पोटावर एक लांब चीर गेलेली अशी मी जुनी वीणा आहे. पण आज माझी गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही, इतका आनंद मला झाला आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेत, तंजावरला झाला. फणसाच्या खोडातून कारागिरांनी माझं गोल पोट कोरलं, त्याला लांब दांडी जोडली आणि टोकाला व्याळाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, तोंड बसवलं. दांडीवर मेणाचे दोन बांध घातले आणि त्यांवर पितळेचे पडदे रोवले. पडदा म्हणजे स्वराचं घर. बोटानं तार पडद्यावर दाबायची, दुसऱ्या हातानं छेडायची, की स्वर उमटतो. पडदा जरा सरकला की स्वर बिघडलाच.

आमचं कुळ मोठं आहे. उत्तरेतली रुद्रवीणा दोन मोठ्या भोपळ्यांची. तिची आलापी गंभीर, सावकाश. विचित्र वीणेला पडदेच नसतात. तारांवरून काचेचा गोळा फिरवून ती वाजवतात. कीर्तनकारांच्या गळ्यातली वीणा गाणाऱ्याला सूर धरून देते. मी मात्र जमिनीवर बसते, माझा छोटा भोपळा वाजवणारीच्या डाव्या मांडीवर टेकतो, आणि मी स्वतः गाते.

एकोणीसशे साठच्या सुमारास मी कर्जतजवळच्या भिवपुरीला आले. मला वाजवणाऱ्या अलमेलूअम्मांचे यजमान तिथल्या वीजघरात इंजिनिअर होते. मागं डोंगर, डोंगरावरून उतरणारे पाण्याचे जाडजूड नळ, आणि वसाहतीतल्या बंगलीच्या ओसरीवर मी. अम्मांची पद्धत तंजावरची. तार एकदाच छेडायच्या आणि पडद्यावर आडवी ओढून ओढून त्या एका छेडीतून चार-पाच स्वर काढायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी गळ्यानंच गातंय!

एकदा त्यांची नणंद सरोजा म्हैसूरहून आली. तिनं मला पुढ्यात घेतलं आणि नखांनी प्रत्येक स्वर वेगळा, टपटपीत वाजवला. दोघींची जुंपली.

"तुझी वीणा बोलते, गात नाही," अम्मा म्हणाल्या.

"तुमची इतकी गाते, की शब्दच कळत नाहीत!" सरोजा म्हणाली.

मी दोघींच्या हातांत आलटून पालटून जात होते. असा मजेचा दिवस मी पूर्वी पाहिला नव्हता.

हे भांडण दाराशी उभी राहून एक बाई ऐकत होती. तिचं नाव विमल. वसाहतीच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि अम्मांना इंजेक्शन द्यायला आली होती. ती जवळच्याच कडाव गावची. तिची आई भीमाबाई गाणी रचायची आणि विमल ती जलशात गायची. छप्पनच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर तर गावोगावी तिचा आवाज ठाऊक झाला होता. मग तिच्या गळ्यात गाठ झाली. ती काढावी लागली. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. उरली फक्त कुजबुज. त्या दिवसापासून भीमाबाईनंही गाणं सोडलं. "जिच्या गळ्यासाठी रचायची तीच मुकी झाली, आता मी कुनासाटी गाऊ?" असं ती म्हणायची.

त्या दुपारी विमल जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "अम्मा, ही माझं गाणं गाईल का?"

अम्मांनी तिला शेजारी बसवलं. तिचा हात धरून माझ्या तारेवर ठेवला.

मित्रांनो, तिचं शिकणं मी काय सांगू! बोटांना घट्टे पडले, नखं तुटली. अम्मांकडून तिनं तार ओढणं घेतलं. सरोजाचं छेडणं तर तिनं नुसतं पाहून उचललं. आईची गाणी वाजवताना तिला एक गोष्ट सापडली. शब्दातलं प्रत्येक अक्षर ती सरोजासारखं छेडायची, आणि जिथं सूर लांबवायचा तिथं अम्मांसारखी तार ओढायची. मग माझ्यातून चक्क मराठी शब्द ऐकू यायला लागले! अम्मा टाळी वाजवून म्हणाल्या, "ही ना तंजावर, ना म्हैसूर. ही विमलची पद्धत."

पुढं अम्मांच्या यजमानांची बदली मद्रासला झाली. सामान बांधून झालं, पण अम्मांनी मला बांधलं नाही. "मद्रासला घरोघरी वीणा आहे," त्या विमलला म्हणाल्या, "इथे एकच आहे. तिला इथेच राहू दे."

पुढच्या वैशाखात कडावला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम ठरला. विमलनं वाजवायचं कबूल केलं तेव्हा जलशाचे पेटीवाले पोपटराव कुरकुरले. "विमलबाई, हितं लोकांना गानं ऐकायचं अस्तंय. हे किनकिन कोन ऐकनार?" विमलनं माझ्या तारा पुसल्या. मला खोळीत घालून ती कडावच्या सदूच्या टेंपोत बसली.

वाटेत टेंपोचं चाक बसलं. सदू घामाघूम होऊन चाक बदलत होता आणि ताडपत्रीखाली मी भाजत होते. वैशाखातलं कर्जतचं ऊन ते! माझ्या दांडीवरचं मेण मऊ झालं. हादऱ्यांनी पडदे कलले, सरकले, काही एकमेकांना चिकटले. मी ओरडूही शकत नव्हते.

कडावच्या मैदानात विमलनं खोळ काढली आणि कललेले पडदे दिसताच खाली बसून ते चाचपायला लागली. माणसं जमायला लागली होती. सूर्य कलला होता, डोंगराकडून वारा सुटला होता. त्या वाऱ्यानं मेण पुन्हा घट्ट व्हायला लागलं होतं. एकदा ते आवळलं असतं, तर पडदे वाकड्या जागी पक्के झाले असते!

"काय झालं गं?" भीमाबाई धावत आली.

"आई, गा," विमल कुजबुजली. "तू गाशील तसे पडदे बसवते. लवकर गा."

"मी? अगं, इतकी वरसं…"

"आई, मेण घट्ट होतंय!"

तेवढ्यात पोपटराव पेटी घेऊन शेजारी बसले आणि त्यांनी भाता हलवला. "भीमाक्का, मी सा धरून ठेवतो. तुमी व्हा फुडं."

आणि भीमाबाईनं तोंड उघडलं. आधी आवाज चिरकला. मग फुटला.

"उजाडलं गं बाई, उजाडलं,
पाटी घे हाती, उजाडलं!"

विमल तार छेडायची, पडदा अंगठ्यानं सरकवायची, पुन्हा छेडायची. आईचा सूर आणि माझा सूर मिळाला की पडदा मेणात दाबायची आणि मान हलवायची. भीमाबाई लगेच पुढची ओळ घ्यायची. सगळे पडदे बसवायला वेळ नव्हता. गाण्याला लागतील तेवढेच घेतले. सदू पुठ्ठ्यानं वारा अडवत होता, पोपटरावांचा सा हलत नव्हता. शेवटचा पडदा रोवला तेव्हा मेण दगडासारखं घट्ट व्हायला आलं होतं.

विमलनं डोळे पुसले आणि सुरुवात केली.

पहिल्यांदा कुणालाच काही उमगेना. लोक एकमेकांकडं बघत होते. विमलनं तीच ओळ परत वाजवली. अक्षर छेडून, सूर ओढून. पुढं बसलेली जना म्हातारी एकदम उठून उभी राहिली.

"अगं बया! ही तर बोलतीया! 'पाटी घे हाती' म्हनतीया!"

तिनं ती ओळ गायली. मग तिच्या शेजारणींनी. मग मागच्या पुरुषांनी. बघता बघता अख्खं मैदान गात होतं, आणि सगळ्यांना ओढून नेणारा सूर माझा होता! माझं फणसाचं पोट असं घुमत होतं की मला वाटलं मी आता फुटते. विमल हसत होती. जिचा आवाज गेला तिच्या मागं सारं गाव गात होतं.

त्यानंतरची वर्षं भरभरून गेली. नेरळ, खोपोली, कितीतरी ठिकाणी आम्ही गेलो. पण सगळेच दिवस सारखे नसतात. विमलची खालापूरला बदली झाली. मग भीमाबाई वारली. आईची गाणी वाजवायला विमलचा हात धजेना. तिनं मला खोळीत घालून फळीवर ठेवलं. तिथल्या दमट हवेत तारा गंजल्या, उंदरांनी खोळ कुरतडली, पोटाला चीर गेली. अंधारात पडून राहण्यासारखं दुःख वाद्याला दुसरं नाही, मित्रांनो. वाजून वाजून झिजण्यात काही दुःख नाही.

गेल्या महिन्यात दारात पोपटराव आले. केस पांढरे, हातात काठी.

"विमलबाई, भीमाक्काची गानी आता पोरींना येत नायत," ते म्हणाले. "शब्द ऱ्हायलेत, चाली गेल्या. माझी पेटी त्या चुकवती. त्या तुमच्या बोटांत हायेत. आनखी किती दिस तिथं ठेवनार?"

विमल उठून फळीपाशी गेली. मग तिनं स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं.

तेव्हापासून घरात नुसती धांदल आहे! चीर बुजवली, मेण बदललं, पुण्याहून तारा आणवल्या. आज सकाळी कडावच्या मुली टेंपोनं आल्या आहेत. एकीनं माझ्या व्याळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं, दुसरीनं विचारलं, "बाई, मी हात लावू?" विमलनं तिची बोटं धरून माझ्या तारेवर ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी पेटी, तंबोरा, ढोलकी गुंडाळून ठेवली असेल, तर ती आज खाली काढा. धूळ पुसा, तारा बदला, आणि ज्याला येतं त्याच्यापुढं नेऊन ठेवा. माणूस आहे तोवर विचारून घ्या.

आता मला जास्त बोलता यायचं नाही. विमलनं माझा सा लावला आहे, मुलींनी श्वास रोखले आहेत. जरा पुढं सरकून बसा, सुरू होतंय!